लाईट बिलापासून चुलवाणापर्यंत: घरा-शेताचा कार्बन हिशेब कसा मांडायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या पट्ट्यात एकाच घरात पाच-सहा प्रकारची ऊर्जा जळते. स्वयंपाकाला सिलिंडर, अंघोळीच्या पाण्याला बंब, विहिरीच्या मोटरला थ्री फेज, गाडीला पेट्रोल, ट्रॅक्टरला डिझेल, आणि उसाच्या हंगामात गुऱ्हाळ असेल तर चिपाड, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा. यातलं कोण वातावरणात किती कार्बन सोडतं हे खर्चावरून ओळखायला गेलात तर उत्तर हमखास चुकेल. १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला कर्नाटकात वीज फुकट आहे, आणि गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आत राहणाऱ्या बहुतेक घरांना शून्य रुपयांचं बिल येतं. खिशाला न लागणारी वीजही कुठल्या तरी चिमणीतून धूर काढूनच आलेली असते. म्हणून हिशेब रुपयांत मांडायचा नाही. युनिट, किलो आणि लिटर यांत मांडायचा.

एक वही, वर्षभराची बिलं आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे काम एका दुपारी होतं.

आधी गुणक लिहून ठेवा

वहीच्या पहिल्या पानावर हे गुणक, म्हणजे वापराला ज्यांनी गुणायचं ते आकडे, उतरवून घ्या. इंधनांचे आकडे ते जळताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे आहेत, किलोमध्ये. तेल काढणं, शुद्ध करणं, आणून देणं हे यात धरलेलं नाही.

- ग्रिडची (देशभर जोडलेल्या तारांच्या जाळ्यातली) वीज, १ युनिट: वीजकेंद्राजवळ सुमारे ०.७२, घरच्या मीटरवर सुमारे ०.८५
- एलपीजी, १ किलो: ३ च्या किंचित आत. म्हणजे १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर ४२, हॉटेलचं १९ किलोचं ५७
- पेट्रोल, १ लिटर: २.३
- डिझेल, १ लिटर: २.७
- रॉकेल, १ लिटर: २.५
- कोक (भट्टीत जाळायचा भाजलेला कोळसा), १ किलो: ३
- जळाऊ लाकूड, १ किलो: प्रत्यक्षात १.७ च्या आसपास, पण हिशेबात ०.१५ (कारण पुढे येईल)

विजेचे दोन आकडे का? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा काढतं. गेली काही वर्षं तो ०.७१ ते ०.७३ च्या घरात आहे. तो वीजकेंद्राच्या दारातला आकडा. तिथून तारा, ट्रान्सफॉर्मर, पुन्हा तारा अशी वीज आपल्यापर्यंत येईतो तिच्यातला सहावा-सातवा हिस्सा वाटेत संपतो. तुमच्या मीटरवर १ युनिट पोचवायला केंद्रात त्याहून जास्त तयार करावी लागते, म्हणून ०.८५.

‘कर्नाटकात पाण्याची, वाऱ्याची, सूर्याची वीज भरपूर आहे, मग आपला आकडा कमी का धरायचा नाही?’ असा प्रश्न इथं नेहमी येतो. रास्त प्रश्न आहे. शरावतीचं १०३५ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र, पावगडचं २०५० मेगावॅटचं सौर उद्यान, कैग्याच्या चार अणुभट्ट्यांचे ८८० मेगावॅट, गदगच्या माळावरच्या पवनचक्क्या हे सगळं खरं आहे. पण रायचूर, बळ्ळारी, यरमरस आणि विजापूर जिल्ह्यातलं कूडगी ही कोळशाची केंद्रंही याच राज्यात आहेत, आणि एकट्या कूडगीची क्षमता २४०० मेगावॅट. त्यातून ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाला जोडला गेला. तेव्हापासून बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या बल्बात एकाच तलावातलं पाणी येतं. सीमेचा वाद इलेक्ट्रॉनला ठाऊक नाही. आपल्या तारेत कैग्याचीच वीज येते असं कुणालाच म्हणता येत नाही, त्यामुळे देशाची सरासरी धरणं हेच प्रामाणिक.

स्रोतांची आपापसात तुलना करायची तर खाणीपासून केंद्र मोडीत निघेपर्यंतचा पूर्ण आयुष्याचा आकडा घ्यावा लागतो. आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, २०१४ च्या अहवालात दिलेले मधले आकडे, दर युनिटला ग्रॅममध्ये असे: कोळसा ८२०, नैसर्गिक वायू ४९०, छपरावरचं सोलर ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरचा वारा ११. आपल्याकडचा कोळसा राखेचा असतो. एक युनिट काढायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो आणि चिमणीतूनच किलोच्या आसपास वायू जातो, म्हणजे जगाच्या मधल्या आकड्यापेक्षाही वर. सौर आणि वारा शून्य नाहीत, कारण काच, ॲल्युमिनियम, पोलाद आणि सिमेंट बनवतानाही ऊर्जा जळते. धरणाचा आकडा जागेप्रमाणे बराच बदलतो. बुडालेलं झाड पाण्याखाली कुजलं की मिथेन निघतो.

घरचं बिल वाचताना

हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या सरकारी वीज वितरण कंपनीचं, बिल कन्नडात असलं तरी अडायचं कारण नाही. तीन आकडे शोधा: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि त्यांची वजाबाकी. हुक्केरी तालुक्यात वीज हेस्कॉम देत नाही, तिथली ग्रामीण वीज सहकारी संस्था देते. रीत तीच. आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, वहीत लिहून ठेवा, म्हणजे घर, गोठा, पिठाची गिरणी अशी वेगळी मीटरं एकमेकांत मिसळणार नाहीत.

हमखास होणारी गफलत म्हणजे मंजूर भार, म्हणजे ‘किलोवॅट’ लिहिलेला आकडा, वापर समजून घेणं. घराला ३ किलोवॅट मंजूर असतात आणि महिन्याचा वापर ८० युनिट. या दोहोंचा संबंध नाही. दुसरी गफलत शून्य बिलाची. गृहज्योतीत देय रक्कम शून्य छापली तरी युनिट छापलेले असतातच, ते घ्या. आणि बिलाचा कागद थर्मल असतो, कपाटात सहा महिन्यांत कोरा होतो. दर महिन्याला फोटो काढून ठेवा.

एखादं उपकरण किती खातं ते बघायला वेगळं यंत्र लागत नाही. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त ते उपकरण चालू करा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. १५ सेकंद लागले तर ३६०० गुणिले १०, भागिले ३२०० गुणिले १५, उत्तर ०.७५ किलोवॅट. जुना फ्रीज याच रीतीने तपासा, पण तासाभरात तीन-चारदा. कॉम्प्रेसर बंद असताना मोजलं तर फ्रीज काहीच खात नाही असं वाटेल.

मोटर: मीटर नाही म्हणून सोडू नका

उसाच्या भागात सगळ्यात मोठा आकडा इथंच निघतो. शेतीपंपाला बहुधा मीटर नसतं आणि बिल येत नाही, त्यामुळे तो कुणाच्याच हिशेबात येत नाही.

पाटीवर ५ एचपी लिहिलेली मोटर किती घेते? एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, तर पाच म्हणजे ३.७३. ही झाली दांड्यावर मिळणारी ताकद. मोटरची कार्यक्षमता ८१ टक्के धरली तर तारेतून ४.६ किलोवॅट खेचले जातात, म्हणजे तासाला ४.६ युनिट आणि जवळपास ३.९ किलो कार्बन डायऑक्साइड.

पण पाटीवर विश्वास ठेवू नका. दोनदा वाइंडिंग केलेली मोटर पाटीपेक्षा जास्त घेते, आणि कागदावर ५ एचपी असलेली प्रत्यक्षात साडेसातची निघते हेही इथं नवं नाही. वायरमनकडून क्लँप मीटर लावून एका फेजचा ॲम्पिअर बघून घ्या. व्होल्टेज ४१५ आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ॲम्पिअरला ०.५७५ ने गुणलं की किलोवॅट मिळतात. ८ ॲम्पिअर आले तर ४.६, हिशेब जुळला. ११ आले तर मोटर मोठी आहे किंवा कुठंतरी अडतंय. तिन्ही फेजचे आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर आधी वाइंडिंग आणि जोड तपासा. स्टार्टरची पेटी उघडून हे काम स्वतः करू नका.

आता तास. थ्री फेज ठरावीक वेळाच असतो, पण आलेले सगळे तास मोटर चालतेच असं नाही. उसाला किती पाळ्या दिल्या आणि एका पाळीला किती तास लागले यावरून वर्षाचे तास काढा. याच ठिकाणी ऑटो स्टार्टर हिशेब बिघडवतो. रात्री दोनला करंट आला की मोटर आपोआप सुरू होते, पाणी सरीतून ओढ्याला जातं, आणि सकाळी मालक बघतो तेव्हा पाचट तरंगत असतं. ते तासही मोजायचेच.

डिझेल इंजिन ठेवलं असतं तर? ५ एचपीचं इंजिन तासाला साधारण १.१ लिटर पितं, म्हणजे ३ किलोच्या आत. आकडा बघून लोक चमकतात. आजच्या कोळशाच्या ग्रिडवर विजेची मोटर डिझेलपेक्षा स्वच्छ ठरत नाही. डिझेल काढून आणण्याचा कार्बन त्यात मिळवला तरी दोघं फार तर बरोबरीला येतात. याचा अर्थ इंजिन परत आणा असा नाही. ग्रिड दरवर्षी थोडा स्वच्छ होत जाईल, डिझेल जसं आहे तसंच राहणार. पण ‘इलेक्ट्रिक म्हणजे स्वच्छ’ हे गृहीत धरून थांबता येत नाही, एवढं यातून दिसतं.

मोटरचा आकडा खाली आणायचे उपाय पंप बदलण्याआधी सुरू होतात. ऑटो काढा किंवा टायमर लावा. फूटव्हॉल्व्हची, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेची, जाळी साफ करा, कारण ती शेवाळाने धरली की मोटर फिरते पण पाणी निम्मं येतं. दोन इंची पाईपमधून ५ एचपीचं पाणी ढकलणं म्हणजे निम्मी ताकद घर्षणावर घालवणं. लांबी जास्त असेल तर अडीच किंवा तीन इंची घ्या आणि काटकोनी एल्बोच्या जागी लांब वळणाचे बेंड बसवा. कपॅसिटर फुगलाय का बघा. उसाला ठिबक केलं की तास सरळ कमी होतात, पण फिल्टर धुतला नाही तर दाब वाढवावा लागतो आणि बचत तिथंच जिरते. हे सगळं झाल्यावर मग पाच तारांकित पंपाचा विचार करा.

सौर पंप घेणार असाल तर ५ एचपीला सुमारे ५ किलोवॅटचे पॅनल लागतात. फायदा कार्बनचा आहेच, शिवाय रात्री दोनला उठावं लागत नाही. तोटा असा की पाऊस पाण्याच्या पाळ्या संपवतो तेव्हा पॅनल रिकामे बसतात. पंपाचा कंट्रोलर दुसऱ्या कामाला, म्हणजे कडबाकुट्टी किंवा गिरणीला, जोडता येतो का हे विकणाऱ्याला आधी विचारा.

चूल, सिलिंडर, इंडक्शन

एका घरगुती सिलिंडरमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल उष्णता असते. साध्या शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्याला लागते, म्हणजे ३९०. तेवढीच उष्णता ८५ टक्के कार्यक्षमतेच्या इंडक्शनवर मिळवायला सुमारे १२७ युनिट लागतील. ग्रिडच्या विजेने ते १०८ किलो होतात, सिलिंडरचे ४२. अडीचपट फरक. म्हणून छपरावर सोलर नसताना केवळ हवामानासाठी गॅस सोडून इंडक्शनवर जाऊ नका. सोलर असेल तर तेच १२७ युनिट ५-६ किलोत भागतात, पण दुपारी शिजवलं तरच सरळ. संध्याकाळी साडेसातची भाकरी सूर्यावर होत नाही. तेव्हाची वीज बहुतांश कोळशाची असते.

सिलिंडर मोजताना बुकिंगची तारीख धरू नका, शेगडीला जोडल्याची तारीख धरा. नाहीतर भरलेलं एखादं सिलिंडर दोन वर्षांत मोजलं जातं. ज्योत पिवळी असून भांड्याला काजळी धरत असेल तर बर्नर साफ करायला झालाय. तेवढ्यानेही गॅस जास्त जळतो.

लाकडाचं गणित वेगळं. बांधावरच्या बाभळीचं लाकूड जळून जेवढा कार्बन सुटला तेवढा ते झाड वाढताना हवेतूनच आला होता. तोडलेल्याच्या जागी तेवढं पुन्हा वाढत असेल तर तो कार्बन हिशेबात धरत नाहीत. अर्धवट जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात, तोच ०.१५. अट झाड पुन्हा वाढण्याची आहे. खानापूरच्या रानातून मोळी आली आणि तिथं रान विरळ होत असेल तर पूर्ण १.७ लावा. शिवाय स्वयंपाकघरातल्या धुराने डोळे आणि फुप्फुसं जातात, ती या वहीत कुठंच येत नाहीत. चुलीचा आकडा छोटा निघाला म्हणून चूल चांगली ठरत नाही.

अंघोळीचं पाणी: १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला गिझरला ३ युनिटच्या वर लागतात, म्हणजे रोज अडीच किलोच्या आसपास. बेळगावच्या थंडीत त्याहून जास्त. सौर बंब हा या भागातला सगळ्यात सोपा आणि लवकर फिटणारा बदल आहे. अथणी, रायबागकडे बोअरचं पाणी जड असतं, तिथं काचनळ्यांत क्षार धरतात आणि दोन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. टाकीला साठलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी जोडा, नाहीतर दरवर्षी नळ्या धुवायची तयारी ठेवा.

गोबरगॅस: गळती झाली तर उलटं

चार-पाच जनावरं असतील तर २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो. रोज ५० किलो शेण, तेवढंच पाणी. एक घनमीटर गॅस सुमारे ०.४३ किलो एलपीजीचं काम करतो, म्हणजे १.३ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो.

पण या गॅसमध्ये ६० टक्के मिथेन असतो. न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो. एक घनमीटर गोबरगॅस तसाच हवेत गेला तर ११ किलोचा बोजा. म्हणजे दहातला एक भाग गळाला की सगळी कमाई गेली. घुमटाला तडा, पाइपच्या जोडाचा सैल क्लिप, व्हॉल्व्हचं वाळलेलं वॉशर या तीन जागा दर महिन्याला साबणाच्या पाण्याने तपासा. काडी पेटवून तपासायला जाऊ नका. गॅस उरतोय म्हणून व्हॉल्व्ह उघडून सोडून देणं तर सगळ्यात वाईट. दुसरी शेगडी जोडा किंवा शेण कमी घाला. थंडीत गॅस कमी येतो तेव्हा शेण कोमट पाण्यात कालवतात, त्याने फरक पडतो.

गाडी

४५ किलोमीटर देणारी स्कूटर १०० किलोमीटरला ५ किलो सोडते. इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगचं नुकसान धरून साडेतीन युनिट घेते, म्हणजे ग्रिडवरही ३ किलो. इथं विजेची बाजू घ्यायला हरकत नाही, कारण पेट्रोलच्या इंजिनात चार भागांतले तीन भाग उष्णता म्हणून वाया जातात, आणि ते नुकसान कोळशाच्या ग्रिडहूनही मोठं आहे. इंडक्शनला हा फायदा मिळत नाही, कारण गॅसची शेगडी मुळातच बरी कार्यक्षम असते.

करंट गेल्यावर चालणारे पर्यायही लिहा. डिझेल जनरेटर लिटरला ३ युनिट देतो, युनिटला ०.९ किलो. बॅटरी-इन्व्हर्टरमधून आलेलं युनिट भरताना-काढताना पाव हिस्सा गमावतं, त्यामुळे एक किलोच्या पुढे. जुनी बॅटरी रात्रंदिवस चार्जिंग घेत राहते, तिची लुकलुक एकदा मोजून बघाच.

उद्यमबाग आणि गुऱ्हाळ

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी, म्हणजे लोखंड ओतणाऱ्यांसाठी, थोडक्यात, कारण तिथं गैरसमज मोठा आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळायला ६५० युनिटच्या आसपास लागतात. तारांतलं नुकसान किती धरता त्यावर ते ४७० ते ५५० किलो होतात. कुपोलात, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत, टनाला १३५ किलो कोक गेला तर ४०० किलो, वर चुनखडीचं थोडं. म्हणजे कुपोला बंद करून इंडक्शन बसवल्याने काजळी जाते, धातू हातात राहतो, पण कार्बन आपोआप कमी होत नाही. सौर किंवा पवन वीज करार करून घेतली तरच तो उतरतो. त्याआधी भट्टीचं झाकण लावून ठेवा, भंगारातली वाळू आणि गंज झटका, आणि मोल्ड (साचे) तयार नसताना धातू गरम धरून ठेवू नका. टनामागचे युनिट तिथंच वाढतात.

गुऱ्हाळाला आणि साखर कारखान्याच्या बॉयलरला जळण उसाचंच. एक टन उसातून २८० ते ३०० किलो चिपाड निघतं. ऊस दरवर्षी पुन्हा उगवतो, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत. पण चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. नीट वाळवलेलं चिपाड किलोमागे ओल्याच्या जवळपास दुप्पट उष्णता देतं. अवकाळी पाऊस झाला, चिपाड भिजलं, काईल (रसाची मोठी कढई) उकळेना, की जळव्या (जाळ घालणारा माणूस) चुलवाणात, म्हणजे काईलीखालच्या भट्टीत, लाकूड घालतो, काही ठिकाणी रबर, टायरही जातात. टायर म्हणजे जवळजवळ खनिज तेलच, आणि त्याचा धूर गुळापर्यंत पोचतो. चिपाडावर ताडपत्री आणि चुलवाणाला नीट जाळी, एवढ्याने ती वेळ टळते. कारखाना सहवीज, म्हणजे चिपाड जाळून केलेली वीज, विकतो म्हणून ‘आमच्या गावची वीज उसाची’ असं वहीत लिहू नका. ती वीज ग्रिडमध्ये गेली आणि सरासरीत मोजली गेली.

शेतात पाचट पेटवणं हा ऊर्जेचा वापर नाही, तरी एक आकडा देऊन ठेवतो. एकरी साडेतीन टन पाचट जाळलं तर फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा बोजा पाव टनाच्या आसपास. सरीत कुजवलं तर तो नाही, आणि एखादी पाण्याची पाळीही वाचते.

आता बेरीज

चिक्कोडी भागातलं एक नमुन्याचं घर घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. घरवापर महिन्याला ९० युनिट, वर्षाचे १०८०, गुणिले ०.८५, झाले ९१८ किलो. आठ सिलिंडर, ३३६. मोटरसायकलला महिना १२ लिटर पेट्रोल, वर्षाचे ३३१. ट्रॅक्टरचं भाडं देऊन जळलेलं ६० लिटर डिझेल, १६२. आणि ५ एचपीची मोटर वर्षाला ८०० तास, ३६८० युनिट, ३१२८ किलो. एकूण ४८७५. यात मोटरचा वाटा ६४ टक्के, आणि तिच्यासाठी घरातून एक रुपयाही जात नाही.

या घराने एलईडी बल्ब बदलत बसण्यापेक्षा ऑटो स्टार्टर काढून २०० तास वाचवले तर ७८२ किलो गेले. वर्षाच्या सगळ्या सिलिंडरांच्या दुपटीहून जास्त.

छपरावर सोलर किती घ्यायचं? आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाला १४०० युनिटच्या आसपास देतं. फक्त घरासाठी एकच किलोवॅट पुरतं. आठ सिलिंडरांच्या जागी इंडक्शन आणायचं ठरवलं तर आणखी सुमारे १०१६ युनिट, तेव्हा दोन किलोवॅट घ्या. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. गृहज्योतीमुळे बिल आधीच शून्य असेल तर पैशाची बचत जवळपास दिसणार नाही. कार्बनची दिसेल. विकणारा यातली पहिली गोष्ट सांगत नाही.

किलोवॅटला १०० चौरस फूट मोकळी जागा धरा. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १५-१६ अंश. फणसाची किंवा नारळाची सावली दुपारी तीनला कुठं पडते ते डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. खानापूरकडच्या कौलारू छपरावर स्टँड ठोकायला गेलात तर कौलं फुटून गळती लागते. अंगणात लोखंडी मांडव घालणं परवडतं. जून ते सप्टेंबर त्या भागात उत्पादन निम्म्यावर येतं आणि काचेच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते मऊ फडक्याने पहाटे पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि ग्रिडला जोडलेलं साधं सोलर करंट गेला की स्वतःही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं, बिघाड नाही.

सोलर बसल्यावर वहीतली ओळ बदलते. ग्रिडकडून घेतलेले युनिट गुणिले ०.८५, अधिक सोलरने तयार केलेले युनिट गुणिले ०.०४. ग्रिडला दिलेले युनिट वेगळ्या ओळीत लिहा, घरच्या आकड्यातून वजा करू नका. घेतलेल्या-दिलेल्या युनिटचे आकडे इन्व्हर्टरच्या ॲपवरून घेऊ नका, आयात-निर्यात दोन्ही मोजणाऱ्या नेट मीटरवरून घ्या. ॲप निर्मिती दाखवतं, किती बाहेर गेली ते नेट मीटरच्या निर्यात रीडिंगवरून कळतं, आणि निर्मितीतून ती वजा केली की घरात वापरलेली मिळते. वर्षाचा हिशेब एप्रिल ते मार्च धरा. विजेचा सरकारी गुणक त्याच वर्षाने निघतो, आणि उसाचा गाळप हंगामही तोवर आटोपत आलेला असतो. नवा गुणक जाहीर झाला की जुन्या वर्षांना लावू नका. प्रत्येक वर्षाला त्याचाच गुणक, नाहीतर ग्रिड सुधारल्याचं श्रेय तुमच्या मोटरला मिळेल.